युनिटीचं लायसन्स: खातं उघडण्यापासून एडिटर चालू होईपर्यंत

‘नो व्हॅलिड युनिटी एडिटर लायसन्स फाउंड. प्लीज अ‍ॅक्टिव्हेट युवर लायसन्स.’ युनिटी हे गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसवणाऱ्या बऱ्याच जणांची या वाक्याशी कधी ना कधी गाठ पडतेच. मग हब (युनिटी बसवणारं सोबतचं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकणं, दुसऱ्या ईमेलने नवीन खातं उघडणं, शेवटी विंडोजच फॉरमॅट करणं असे उपाय सुरू होतात. त्यातल्या बऱ्याच उपायांनी गुंता वाढतो. या एका वाक्यामागे तीन वेगळ्या तपासण्या आहेत. खातं कोणाचं आहे, त्या खात्याला कोणता हक्क मिळाला आहे आणि तो हक्क समोरच्या मशीनवर नोंदला गेला आहे का. बिघाड कुठल्या तपासणीत आहे हे आधी ओळखलं की उपाय सहसा पाच मिनिटांचा असतो.

गेम बनवण्याची सगळीच साधनं इतकं विचारत नाहीत. गोडो एमआयटी या खुल्या लायसन्सखाली मिळतं, त्याला खातं लागत नाही की अ‍ॅक्टिव्हेशन लागत नाही. फाइल उतरवायची, उघडायची, कामाला लागायचं. अनरियलला एपिकचं खातं लागतं, पण मशीनची तपासणी नाही. तिथे हिशेब नंतरचा असतो, एका गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर ५ टक्के रॉयल्टी. अनरियलचा सोर्स कोड हवा असेल तर मात्र एक पायरी वाढते. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटचं खातं एपिकच्या खात्याला जोडायचं आणि त्यानंतर गिटहबकडून ईमेलवर येणारं आमंत्रण स्वीकारायचं. अनेक जण जोडणी करून थांबतात, आमंत्रणाचा मेल उघडतच नाहीत आणि रिपॉझिटरीच्या, म्हणजे कोडच्या साठ्याच्या, पत्त्यावर ४०४ दिसलं की दुवा मेलाय असं समजतात. रिपॉझिटरी खाजगी असल्यामुळे सदस्य नसलेल्याला ४०४च दिसतं. हे आमंत्रण सात दिवसांत संपतं, मग जोडणी काढून पुन्हा करावी लागते.

युनिटी मात्र तिन्ही गोष्टी तपासतं, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

खातं उघडताना

फॉर्म साधा आहे. ईमेल, पासवर्ड, युझरनेम, पूर्ण नाव. भरायला दोन मिनिटं लागतात, पण त्यात घेतलेले तीन निर्णय पुढे कित्येक वर्षं सोबत राहतात.

पहिला निर्णय ईमेलचा. कॉलेजने दिलेला पत्ता वापरू नका. शिक्षण संपल्यावर तो बहुतेक ठिकाणी बंद होतो आणि असेट स्टोअर या युनिटीच्या दुकानातून विकत घेतलेलं किंवा सवलतीच्या काळात फुकट गोळा केलेलं सगळं त्या खात्याला बांधलेलं असतं. कॉलेजचा पत्ता विद्यार्थी-पडताळणीच्या वेळी वेगळा दाखवता येतो, त्यासाठी मूळ खातं त्यावर उघडायची गरज नाही. कंपनीत उलट चूक होते. ‘इन्फो’ नावाच्या सामाईक पत्त्यावर एक खातं उघडलं जातं आणि पाच जण तेच वापरतात. युनिटीची सीट, म्हणजे वापरण्याचा हक्क, एका माणसासाठी असते, त्यामुळे हे नियमाबाहेरचं आहेच. शिवाय टू-फॅक्टरचा कोड एकाच्या फोनवर येतो आणि तो नेमका रजेवर असतो.

दुसरा निर्णय नावाचा. महाराष्ट्रातल्या कॉलेजच्या ओळखपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव अशी पद्धत सर्रास दिसते. पडताळणीच्या फॉर्ममध्ये मात्र नाव आणि आडनाव एवढेच दोन रकाने असतात. पुढे विद्यार्थी म्हणून पडताळणी करायची असेल तर ओळखपत्रावरचं स्पेलिंग अक्षरशः तसंच ठेवा. ‘देशपांडे’ रोमन लिपीत निदान तीन प्रकारे लिहिलं जातं, आणि पडताळणी करणारी यंत्रणा फक्त अक्षरं जुळवून बघते. टोपणनाव, गेमर नाव, स्टुडिओचं नाव हे सगळं युझरनेममध्ये टाका. पूर्ण नावाच्या जागी खरं नावच हवं.

तिसरा निर्णय म्हणजे लॉगिन कशाने करायचं. गूगल किंवा अ‍ॅपलच्या बटणाने लॉगिन केलं की काम पटकन होतं, पण त्या खात्याला युनिटीचा स्वतःचा पासवर्डच नसतो. पुढे बिल्ड सर्व्हरवर (गेमची तयार फाइल आपोआप बनवणाऱ्या मशीनवर) कमांड लाइनवरून लायसन्स चालू करायची वेळ आली की तिथे ईमेल आणि पासवर्ड दोन्ही लागतात. हे आधीच टाळायचं तर ‘पासवर्ड विसरलो’ या दुव्यावरून एक पासवर्ड तयार करून ठेवा. गूगलची सोय त्यामुळे जात नाही.

यातूनच निघणारी आणि सगळ्यांत जास्त सापडणारी गडबड म्हणजे एकाच माणसाची दोन खाती. दोन वर्षांपूर्वी एका ईमेलवर खातं उघडलेलं असतं, आता गूगलच्या बटणावर टिचकी दिली तर ते दुसऱ्या ईमेलचं निघतं. लायसन्स एका खात्यावर, हबमधलं लॉगिन दुसऱ्यावर. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, म्हणून चूक कुठेच दिसत नाही. लायसन्स गायब झाल्यासारखं वाटलं तर आधी हबमध्ये आपल्या नावाच्या चिन्हावर टिचकी देऊन ईमेल नीट वाचा.

पुष्टीचा मेल लगेच आला नाही तर स्पॅम आणि जीमेलचा प्रमोशन्सचा कप्पा पाहा. तो पुन्हा पुन्हा मागवला तर कामाचा दुवा शेवटच्या मेलमधला धरायचा. टू-फॅक्टर चालू करताना मिळणारे रिकव्हरी कोड कागदावर उतरवून ठेवा, कारण फोन बदलला की ऑथेंटिकेटर अ‍ॅप आपोआप नव्या फोनवर जाईलच असं नाही.

खातं उघडलं की त्याच्यासोबत तुमच्या नावाची एक ऑर्गनायझेशनही आपोआप तयार होते. एकट्याने काम करणाऱ्याने तिच्याकडे लक्ष दिलं नाही तरी चालतं. कंपनीत काम असेल तर हिची आठवण ठेवा, पुढे लागेल.

हब आणि ब्राउझरची ये-जा

युनिटी हब हे एडिटर बसवणारं, प्रोजेक्ट उघडणारं आणि लायसन्स सांभाळणारं वेगळं सॉफ्टवेअर आहे. ते युनिटीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. हबमध्ये ‘साइन इन’ दाबलं की लॉगिन हबमध्ये होत नाही, ब्राउझर उघडतो. तिथे लॉगिन झालं की ब्राउझर विचारतो, ‘युनिटी हब उघडू का?’ घाईत इथे ‘रद्द करा’ दाबलं जातं, किंवा एखादं पॉपअप अडवणारं एक्स्टेन्शन हा प्रश्न गिळून टाकतं. मग ब्राउझर म्हणतो लॉगिन झालं आणि हब तसंच वाट बघत राहतं. अशा वेळी मुख्य ब्राउझर तात्पुरता बदलून पाहावा, किंवा एक्स्टेन्शन बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. पासवर्ड बदलण्याची काही गरज नसते.

लायसन्स घेणं

हबच्या सेटिंग्जमध्ये ‘लायसन्सेस’ असा भाग आहे. तिथे ‘अ‍ॅड’ दाबलं की पर्याय समोर येतात. सीरियल नंबरने चालू करा, रिक्वेस्ट फाइलने चालू करा, किंवा मोफत पर्सनल लायसन्स घ्या. शिकणाऱ्याला आणि छोट्या स्टुडिओला शेवटचाच हवा असतो. अटी वाचून मान्य केल्या की यादीत पर्सनल दिसू लागतं.

अटी खरंच वाचा, निदान पैशांचा भाग तरी. पर्सनलसाठीची मर्यादा पूर्वी १,००,००० डॉलर होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये युनिटी ६ आलं तेव्हा ती २,००,००० डॉलर झाली. ही रक्कम गेल्या बारा महिन्यांतली मिळकत आणि उभारलेला निधी मिळून मोजतात. गेमने किती कमावलं एवढंच त्यात येत नाही. अजून एकही गेम न विकलेल्या, पण मोठी गुंतवणूक मिळालेल्या स्टुडिओला म्हणूनच पर्सनल चालत नाही. दुसऱ्यासाठी कंत्राटी काम करणाऱ्यांना तर ग्राहकाची आर्थिक स्थितीही विचारात घ्यावी लागते. पुण्या-मुंबईत परदेशी कंपन्यांचं काम घेणारे छोटे गट हा मुद्दा हमखास विसरतात. आपली उलाढाल लहान आहे म्हणून पर्सनल वापरतात, आणि ज्याच्यासाठी काम चाललंय तो ग्राहक मर्यादेच्या कितीतरी वर असतो.

युनिटी ६ पासून पर्सनलमध्येही सुरुवातीचा ‘मेड विथ युनिटी’ पडदा काढता येतो. त्याआधी निव्वळ त्या पडद्यासाठी प्लस हा पैशाचा प्लॅन घेणारे लोक होते. प्लसची विक्री सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. प्रत्येक इन्स्टॉलमागे आकारायची म्हणून जाहीर झालेली रनटाइम फी त्याच महिन्यातली, आणि गेमसाठी ती १२ सप्टेंबर २०२४ रोजी मागे घेतली गेली. जुन्या ट्युटोरियलमध्ये या दोन्हींचे उल्लेख आढळतात, ते आता सोडून द्यायचे.

रिक्वेस्ट फाइलची पद्धतही अशीच जुन्या व्हिडिओंमध्ये सापडते. ऑफलाइन मशीनवर एएलएफ फाइल तयार करायची, दुसऱ्या मशीनवरून ती संकेतस्थळावर चढवायची, बदल्यात यूएलएफ फाइल आणायची. सीरियल नंबर असलेल्या पैशाच्या लायसन्ससाठी ती अजूनही कामाची आहे. पर्सनलसाठी हा रस्ता बंद झाला आहे. पर्सनल हवं तर ते मशीन निदान चालू करताना तरी इंटरनेटला जोडलेलं असलं पाहिजे, आणि नंतरही अधूनमधून हबमध्ये लॉगिन राहून ऑनलाइन यावं लागतं.

मशीनवर काय नोंदलं जातं

लायसन्स चालू झालं की ‘युनिटी_लिक’ नावाची यूएलएफ फाइल तयार होते. विंडोजवर ती सी ड्राइव्हमधल्या प्रोग्रामडेटा या लपवलेल्या फोल्डरात ‘युनिटी’ नावाच्या उपफोल्डरात असते. मॅकवर मुख्य लायब्ररीतल्या ‘अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट’मध्ये. लिनक्सवर होम फोल्डरातल्या लपवलेल्या ‘लोकल’, मग ‘शेअर’, मग ‘युनिटीथ्रीडी’ अशा वाटेने. फाइल साध्या मजकुराची आहे, उघडून वाचता येते, पण त्यात एक अक्षर जरी बदललं तरी डिजिटल सही जुळत नाही आणि लायसन्स बाद होतं.

या फाइलमध्ये त्या मशीनच्या हार्डवेअरच्या खुणा नोंदलेल्या असतात. म्हणून एका मशीनवरची फाइल उचलून दुसऱ्यावर ठेवली तर ‘मशीन बाइंडिंग्ज डोन्ट मॅच’ असा निरोप येतो. हाच निरोप आपल्याच मशीनवरही येऊ शकतो. मदरबोर्ड बदलला, विंडोज नव्याने टाकली किंवा व्हर्च्युअल मशीनची नक्कल केली की खुणा बदलतात. पर्सनल असेल तर यात घाबरण्यासारखं काही नाही. हबमधून ते काढून टाका आणि पुन्हा घ्या, पैसे लागत नाहीत. सीरियलच्या लायसन्सचं तसं नाही, त्याला एका सीटवर दोनच मशीन मिळतात. फॉरमॅट करण्याआधी हबमधून लायसन्स ‘रिटर्न’ करायला विसरलं की जुनी नोंद तशीच राहते, आणि दोनदा विसरलं की तिसऱ्या वेळी जागा शिल्लक नसते. हार्ड डिस्कच गेली असेल आणि परत करणं शक्यच नसेल, तर खात्याच्या संकेतस्थळावर ‘माय सीट्स’ विभागात सगळी अ‍ॅक्टिव्हेशन काढून टाकायची सोय आहे. हे माहीत नसल्यामुळे लोक नवीन सीट विकत घेतात.

अडलं तर कुठे बघायचं

सगळ्यांत आधी मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहा. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर लायसन्स मिळत नाही आणि हॉटस्पॉटवर मिळतं, तर तुमचं खातं, हब आणि विंडोज निर्दोष आहेत, दोष मधल्या फायरवॉलचा आहे. या एका चाचणीने निम्मी शोधाशोध वाचते. कॉलेजच्या नेटवर्कवर आधी एका पानावर युझरनेम-पासवर्ड टाकावा लागतो. ब्राउझरमध्ये ते सत्र संपलं की यूट्यूब बंद पडलेलं लगेच कळतं, पण पार्श्वभूमीला चालणारं लायसन्सिंग क्लायंट गुपचूप अपयशी ठरतं. काही फायरवॉल एचटीटीपीएसची वाहतूक उघडून तपासतात आणि स्वतःचं सर्टिफिकेट मधे घुसवतात. ब्राउझरला ते सर्टिफिकेट आधीच शिकवलेलं असतं, लायसन्सिंग क्लायंट ते नाकारू शकतं. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना ‘युनिटी चालत नाही’ एवढंच सांगून उपयोग होत नाही. युनिटीच्या लायसन्सच्या आणि लॉगिनच्या डोमेनना पोर्ट ४४३ वर तपासणीतून सूट हवी आहे, असं नेमकं सांगावं. प्रॉक्सी असेल तर ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ आणि ‘एचटीटीपीएस_प्रॉक्सी’ ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरून हब पूर्ण बंद करून उघडायचं. पूर्ण म्हणजे घड्याळाशेजारच्या चिन्हातूनसुद्धा बंद, नाहीतर जुनीच प्रक्रिया चालू राहते.

हॉटस्पॉटवरही चालत नसेल तर घड्याळ पाहा. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. लोडशेडिंगच्या गावांत हे रोजचं. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीची सर्टिफिकेटं मुदतीबाहेरची ठरतात आणि लायसन्सचीही मुदत जुळत नाही. तारीख हाताने दुरुस्त करून आज काम होतं, उद्या पुन्हा तेच. पन्नास रुपयांच्या आसपासचा सेल बदलून टाकावा.

मग होस्ट्स फाइल. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात ‘ड्रायव्हर्स’, त्यात ‘ईटीसी’, त्यात ही फाइल असते. जुन्या लॅबमधल्या किंवा वापरलेल्या मशीनवर पूर्वी कोणीतरी क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं, आणि त्या क्रॅकने कंपन्यांचे पत्ते १२७.०.०.१ कडे, म्हणजे त्याच मशीनकडे, वळवून ठेवलेले असतात. अ‍ॅडोबी, ऑटोडेस्क आणि त्यांच्या शेजारी युनिटीही. क्रॅक कधीच काढलं गेलं तरी ओळी राहतात. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्या ओळी काढा.

हब सगळं ठीक दाखवतं, पण एडिटर लायसन्स नाही म्हणतो, असं असेल तर प्रोग्रामडेटामधल्या युनिटी फोल्डराची लिहिण्याची परवानगी तपासा. मर्यादित हक्कांच्या विंडोज खात्यावर तो फोल्डर तयारच होत नाही. हब एकदा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं, किंवा फोल्डर हाताने बनवून सगळ्या वापरकर्त्यांना लिहिण्याची मुभा दिली, की अडचण सुटते.

आणि तरीही कोडं राहिलं तर लॉग. विंडोजवर वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटामधल्या ‘लोकल’ फोल्डरात ‘युनिटी’ आहे, त्यात ‘युनिटी.लायसन्सिंग.क्लायंट’ नावाची लॉग फाइल. शेवटून वर वाचत जा. टाइमआउट किंवा सर्टिफिकेटचा उल्लेख दिसला की नेटवर्क. मशीन बाइंडिंग दिसलं की हार्डवेअरची खूण. एडिटरच्या लॉगमध्ये ‘अ‍ॅक्सेस टोकन इज अनअव्हेलेबल’ असं येतं, किंवा ‘एडिटर डॉट हेडलेस’ सापडलं नाही असं म्हटलेलं असतं. कमांड लाइनवरच्या चालू, यशस्वी बिल्डमध्येही या ओळी येतात, त्यामुळे निव्वळ त्यांच्या मागे लागू नका. त्यांच्यानंतर काय घडलं ते बघा.

कॉम्प्युटर लॅबचा प्रश्न वेगळाच असतो. एका मशीनवर सगळं बसवून डिस्कची प्रत तीस मशीनवर उतरवण्याची पद्धत आहे. एडिटर असा उतरतो, लायसन्स उतरत नाही. प्रत काढण्याआधी मूळ मशीनवरचं लायसन्स काढून ठेवणं बरं, म्हणजे निदान चुकीची यूएलएफ फाइल तीस ठिकाणी जाणार नाही. डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असेल तर रीस्टार्टनंतर सी ड्राइव्ह पूर्वस्थितीला येतो आणि लायसन्सही पुसलं जातं, विद्यार्थी दर तासाला नव्याने लायसन्स मागतात. यावर युनिटीचे संबंधित फोल्डर गोठवण्यातून वगळणं हा एक उपाय. त्याहून चांगला म्हणजे शिक्षणसंस्थांसाठी युनिटी मोफत देतं त्या एज्युकेशन ग्रँट लायसन्ससाठी संस्थेच्या नावाने अर्ज करणं. अर्ज विद्यार्थ्याने किंवा लॅब असिस्टंटने परस्पर करून चालत नाही, संस्थेच्या वतीने जबाबदार व्यक्तीने करायचा असतो.

विद्यार्थी म्हणून पडताळणी

स्टुडंट प्लॅनसाठी तुम्ही मान्यताप्राप्त संस्थेत सध्या शिकत आहात हे दाखवावं लागतं. संस्थेचं नाव यादीतून निवडायचं असतं आणि पहिली ठेच इथे लागते. विद्यापीठ निवडायचं की कॉलेज? संलग्न कॉलेजच्या ओळखपत्रावर कॉलेजचं नाव ठळक असतं, विद्यापीठाचं बारीक किंवा नसतंच. कागदावर जे नाव मोठं आहे तेच यादीत शोधा. ते यादीत नसेल आणि विद्यापीठ निवडावं लागलं, तर ज्यावर विद्यापीठाचं नाव स्पष्ट आहे असा कागद जोडा, परीक्षेचं हॉल तिकीट किंवा पात्रता प्रमाणपत्र वगैरे.

कागदावर पूर्ण नाव, संस्थेचं नाव आणि चालू वर्षाची तारीख, तिन्ही एकाच चित्रात दिसली पाहिजेत. ओळखपत्राच्या पुढच्या बाजूला फोटो आणि नाव, मागच्या बाजूला शैक्षणिक वर्ष असेल तर एकच बाजू पाठवून नकार येतो. चालू वर्षाची फी पावती अनेकदा ओळखपत्रापेक्षा सरस ठरते, कारण तिच्यावर तारीख असतेच. मात्र पावती निव्वळ मराठीत असेल तर बोनाफाइड दाखला इंग्रजीत मागून घ्या, ऑफिसात तो सहसा मिळतो. आधार कार्ड पाठवू नका. त्याने ओळख पटते, विद्यार्थी असणं सिद्ध होत नाही, आणि नको तिथे आधारची प्रत जाते.

नकार आला की तोच फोटो पुन्हा चढवण्यात अर्थ नसतो. झाकलेला कोपरा, लॅमिनेशनवरची चकाकी, नावातला फरक यापैकी काय आहे ते आधी ठरवा.

प्रो घेताना

उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं, किंवा कन्सोलसाठी बिल्ड करायची असली, की प्रो या पैशाच्या प्लॅनकडे वळावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये एका सीटचा वर्षाचा दर २,२०० डॉलर झाला. दर बदलत राहतात, घ्यायच्या दिवशी पाहून घ्या. महिन्याचा हप्ता निवडला तरी करार वर्षाचा असू शकतो, आणि नूतनीकरण आपोआप चालू ठेवलेलं असतं. खरेदी केल्याच्या दिवशीच ते हवं की नको हे ठरवा.

भारतीय कार्डांचा इथे एक खास पेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप वळती होणाऱ्या रकमेसाठी आधी ई-मँडेट, म्हणजे आगाऊ संमती, नोंदवावी लागते. जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतची वसुली दर वेळी ओटीपी न देता होते, त्यावरच्या प्रत्येक वसुलीला नव्याने मंजुरी लागते. प्रोचा वार्षिक हप्ता या रकमेच्या कितीतरी पुढे आहे. म्हणजे पहिल्या वर्षी पैसे जातात, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या दिवशी वसुली अडकते, आणि ऐन रिलीजच्या आठवड्यात एडिटर लायसन्स मागू लागतो. कार्डावरचा आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहे का, त्याची मर्यादा पुरेशी आहे का, हे मुदतीच्या पंधरा दिवस आधी पाहावं. जीएसटी क्रमांक असेल तर तो खरेदीच्या वेळीच ऑर्गनायझेशनच्या बिलिंगमध्ये भरा. परदेशी विक्रेत्याकडून ऑनलाइन सेवा घेताना नोंदणीकृत व्यवसायाला १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने स्वतः भरायचा असतो. क्रमांक दिला नाही तर विक्रेता तुम्हाला साधा ग्राहक समजून कर लावू शकतो, आणि नंतर बिल दुरुस्त करून घेताना चार्टर्ड अकाउंटंटची बोलणी खावी लागतात.

पैसे गेले तरी हबमध्ये प्रो दिसत नाही, ही तक्रार हमखास येते. सीट विकत घेणं आणि ती माणसाला देणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. खरेदी करणारा मालक स्वतः असला तरी त्याला डॅशबोर्डवर जाऊन ती सीट स्वतःच्या नावावर लावावी लागते. सीट ज्या ऑर्गनायझेशनमध्ये घेतली तिथेच ती सापडेल. खरेदी आपोआप तयार झालेल्या वैयक्तिक ऑर्गनायझेशनमध्ये झाली आणि शोध कंपनीच्या नावाखाली चालला, तर यादी रिकामीच दिसणार. सीट लावली की हबमधून लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. एकाच संस्थेत काहींकडे प्रो आणि काहींकडे पर्सनल अशी सरमिसळ अटींमध्ये बसत नाही, हेही सीट मोजताना लक्षात घ्या.

बिल्ड सर्व्हर

स्क्रीन नसलेल्या मशीनवर हब उघडता येत नाही, तिथे एडिटरच बॅचमोडमध्ये, म्हणजे खिडकी न उघडता, चालवून त्याला सीरियल, ईमेल आणि पासवर्ड देतात. काम झालं की लायसन्स परत करणारी दुसरी आज्ञा. ही दुसरी आज्ञा ‘बिल्ड यशस्वी झाली तर’ या अटीखाली लिहिलेली असते आणि घोळ तिथेच होतो. कंपाइल एररने बिल्ड पडली की लायसन्स परत होत नाही, कंटेनर (बिल्डपुरतं उभं केलेलं तात्पुरतं मशीन) नष्ट होतो, नोंद मात्र राहते. दोन बिल्ड पडल्या की सीट भरली. परत करण्याची पायरी यश-अपयश काहीही असलं तरी चालेल अशीच लिहा.

पर्सनलवर गिटहब अ‍ॅक्शन्स (गिटहबची आपोआप बिल्ड करण्याची सोय) चालवणारे आपल्या मशीनवर हबमधून लायसन्स घेतात आणि त्या यूएलएफ फाइलचा मजकूर ‘सीक्रेट’ म्हणून ठेवतात. अशा बिल्डसाठीच्या गेमसीआय या साधनाची पद्धत हीच आहे. सोबत ईमेल आणि पासवर्डही सीक्रेटमध्येच द्यावा लागतो, म्हणून वर गूगल लॉगिनबद्दल सांगितलं. मजकूर चिकटवताना पहिल्या ओळीपासून शेवटच्या टॅगपर्यंत पूर्ण घ्या, एडिटरने ओळींची मांडणी बदलली तरी सही तुटते. यूएलएफ फाइल रिपॉझिटरीत कमिट करू नका, खाजगी असली तरीही.

युनिटीच्या मदतकक्षाला लिहायची वेळ आलीच तर पहिल्याच पत्रात लायसन्सिंग क्लायंटचा लॉग, एडिटरचा लॉग, हबची आणि एडिटरची आवृत्ती, ऑर्गनायझेशनचा क्रमांक आणि हॉटस्पॉटवर काय झालं ते लिहा. चूक नेमकी किती वाजता आली ते भारतीय वेळेत आहे असं नमूद करा, कारण लॉगमधल्या काही नोंदी यूटीसीत असतात आणि साडेपाच तासांच्या फरकाने समोरचा माणूस भलत्याच ओळी वाचत बसतो. सीरियल नंबर फक्त त्या पत्रात द्या. सार्वजनिक ठिकाणी मदत मागताना स्क्रीनशॉटमधला सीरियल आणि ईमेल झाकून टाका.